आपलेच रक्त, आपलेच औषध

वाईला माझी आजी रोज सकाळी चुलीपाशी बसून मिश्री लावायची. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटाने हिरड्यांवर चोळली, की तिचा दिवस सुरू व्हायचा. पन्नाशीपर्यंत तिचे दात एकेक करून हलले आणि पडले. घरात सगळे म्हणत, ‘वय झालं.’ ते वय नव्हते, हिरड्यांचा रोग होता, हे मला फार उशिरा कळले. सांगलीत माझाच दात हलू लागला तेव्हा!

दातांवरच्या किटणातील जंतूंमुळे हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि आतले हाड झिजते. तंबाखूने त्यात भरच पडते. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. मग ती पोकळी भरायची कशी?

उत्तर रक्तातच होते. १८८२ मध्ये इटलीच्या बिझोझेरो यांनी रक्त गोठण्यातील प्लेटलेट, म्हणजे बिंबिकांचे काम दाखवले. जखम भरून आणणारे घटकही त्यांच्यात असतात, हे पुढे समजले. १९९८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मार्क्स आणि सहकाऱ्यांनी बिंबिकांनी समृद्ध असा रक्तद्रव जबड्याच्या हाडाच्या रोपणात वापरला. त्यासाठी रक्तात आधी न गोठण्याचे औषध घालायचे, मग गाईच्या रक्तातील थ्रॉम्बिन घालून ते गोठवायचे! २००१ मध्ये फ्रान्सच्या जोसेफ शूक्रून यांनी ही दोन्ही औषधे वगळली. रक्त काढायचे आणि लगेच यंत्रात फिरवायचे, एवढेच.

माझेही तसेच केले. दंडातून नळीभर रक्त घेतले, दहा-बारा मिनिटे फिरवले. तळाशी लाल पेशी, वर पिवळसर पाणी आणि मध्ये जेलीसारखी गाठ. हिरडी उघडून आतले किटण खरवडल्यावर ती गाठ हाडाच्या खाचेत बसवली आणि टाके घातले.

आज कराडला आणि सांगलीला दंतमहाविद्यालये आहेत. या उपचाराला मोठी यंत्रसामग्रीही लागत नाही. पण डॉक्टरांनी मला आधीच बजावले होते, ‘ही गाठ मदतनीस आहे. किटण साचू दिलंत, तंबाखू चालू ठेवलीत, तर हीसुद्धा काही करू शकणार नाही.’

आजीच्या वेळी हा उपचार नव्हता. मिश्रीची डबी मात्र तेव्हाही बाजूला ठेवता आली असती. तसे तिला कुणी सांगितलेच नाही.