जीपार्टेड

हार्ड डिस्कचे विभाग (पार्टिशन) चित्ररूपात दाखवून ते बनवू, हलवू किंवा लहानमोठे करू देणारे लिनक्सवरील मुक्त सॉफ्टवेअर. पहिली आवृत्ती २००४ साली आली. डिस्क आडव्या पट्टीसारखी दिसते. विभागाची कड माउसने ओढली की आकार बदलतो. मात्र हे बदल आधी केवळ यादीत नोंदले जातात, ‘अप्लाय’ दाबल्यावरच डिस्कवर उतरतात. नवख्याला सावरणारा हा फार मोलाचा गुण होय. चालू प्रणालीचा मूळ विभाग आकुंचित करायचा असल्यास पेनड्राइव्हवरील ‘लाइव्ह’ आवृत्तीतून संगणक सहसा सुरू करावा लागतो. एक्सएफएस या फाइल प्रणालीचा विभाग वाढवता येतो, आकुंचित करता येत नाही. विभागाचा आरंभ सरकवताना सगळी माहिती नव्या जागी उतरवली जाते. त्याला तासन्‌तास लागू शकतात आणि मध्येच वीज गेल्यास माहिती नष्ट होण्याचा धोका असतो. म्हणून आधी बॅकअप घ्यावाच.