शिवणींतली माया

शिंप्याच्या बोलींत ‘माया’ म्हणून एक शब्द आहे. पोलकें किंवा सदरा बेतावयाचा तो अंगास अगदीं नेमका बेतावयाचा नाहीं; शिवणीच्या आंत बोटभर कापड जास्त राखावयाचें, म्हणजे पुढें अंग भरलें असतां तेवढी शिवण उसवून कपडा सैल करितां येतो. या राखलेल्या कापडास माया म्हणतात. हा शब्द ज्यानें प्रथम योजिला त्याच्या घरीं मुलेंबाळें असलीं पाहिजेत, असें आम्हांस नेहमीं वाटतें. आज आम्ही वाचकांपुढें जो विषय मांडणार आहों तो या बोटभर कापडाचाच आहे. मूल झाल्यावर जी स्त्री पुन्हां कामावर जाते तिनें कोणते कपडे घालावे, ते कोठून आणावे, आणि त्यांचा पैसा घरखर्चांतून कसा काढावा, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो. परंतु गेल्या दीडशें वर्षांतील आपल्या समाजाचा बराच इतिहास त्यांत घडी घालून ठेविलेला आहे.

या इतिहासासाठीं आम्हीं एकच ठिकाण डोळ्यांपुढें ठेविलें आहे. मुंबईच्या पूर्वेस, खाडीपलीकडे, न्हावा आणि शेवा अशीं दोन गांवें. बंदर होण्यापूर्वीं या बाजूस भातशेती, मिठागरें आणि मासेमारी हेच काय ते धंदे. कोळी आणि आगरी बायका शेतांत लावणी करीत, मिठागरांवर टोपल्या वाहत, मासळी डोक्यावर घेऊन बाजार गांठीत. त्यांचा घरचा पोषाख निराळा आणि कामाचा निराळा, असा भेदच नव्हता. लुगडें कासोटा घालून घट्ट आवळून नेसलें कीं चिखलांत उतरावयास आणि होडींतून उतारू होण्यास तें सारखेंच सोयीचें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, लुगड्यास माप नसतें. बाळंतपणानें कंबर वाढली तर एक निरी कमी पडते, कमी झाली तर एक वाढते; नऊ वारांचें नऊ वार कापड जागच्या जागीं राहतें. पुढें गांठ मारावयाची चोळीही तशीच. गांठ थोडी सैल, थोडी घट्ट, एवढाच फरक. आमच्या आज्यांचा पोषाख अशा रीतीनें मुळांतच मायेनें बेतलेला होता.

याचा अर्थ तो काळ सुखाचा होता असा मात्र कोणीं घेऊं नये. एक लुगडें अंगावर आणि एक दोरीवर, एवढ्या भांडवलावर वर्ष काढणाऱ्या बायका घरोघर होत्या. कापड फाटलें म्हणून तें टाकून देणें ही कल्पना कोणास शिवत नसे. लुगडें बहुधा मध्यें विरतें. तेव्हां विरलेला भाग कापून काढावयाचा आणि दोन्ही चांगले तुकडे जोडून त्यास दंड घालावयाचा. दंडाचें लुगडेंही जीर्ण झालें म्हणजे त्याचें जुनेर होई, आणि जुनेराचा मान मोठा. कारण नव्या जिवाच्या अंगास तेंच मऊ. दुपटीं, झबलीं, टोपडीं, लंगोट हें सारें आईच्या जुन्या लुगड्यांतून निघे, आणि उरलेलें गोधडींत जाई. डोहाळजेवणांत ओटींत पडलेले खण आणि माहेराहून आलेलें एखादें लुगडें यांनीं ही तूट कशीबशी भरून निघे. म्हणजे मूल जन्मास येतांना आईची पेटी रिकामी होते, ही गोष्ट नवी नाहीं. नवें एवढेंच कीं, ती पुन्हां भरण्याची जी रूढी होती ती आतां नाहींशी होत चालली आहे.

शिकलेली स्त्री उंबरठ्याबाहेर पडली तेव्हां पहिला वाद झाला तो तिच्या शिक्षणाइतकाच तिच्या पोषाखाचा. सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले हिंदी सनदी अधिकारी मुंबई इलाख्यांत नेमले गेले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनीं येथील पारशी बायकांची नेसण्याची रीत पाहून, पोलकें आणि परकर यांसह साडी नेसण्याची पद्धत बंगाल्यांत नेली. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, त्यापूर्वीं त्यांचें पहिलें मूल दहा दिवसांचें होऊन वारलेलें होतें. तिकडच्या थंडींत महाराष्ट्रीय पद्धतीचें लुगडें पोटऱ्या उघड्या टाकितें म्हणून त्यांनीं गुजराथी धर्तीवर नेसावयास आरंभ केला. विद्यालयांत त्या औषधें व शरीरशास्त्र शिकत होत्या. आणि इकडे त्यांच्या निऱ्यांची चर्चा चाललेली होती! १८८६ सालीं त्या पदवीधर झाल्या. कामावर जाणाऱ्या स्त्रीचें काम पाहण्यापूर्वीं तिचा पोषाख पाहण्याची आमच्या समाजाची खोड इतकी जुनी आहे.

त्याच सुमारास शिवण्याचें यंत्र आमच्या घरांत शिरत होतें. अमेरिकेंत आयझॅक सिंगर यानें १८५१ सालीं आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि थोड्याच वर्षांत तें हप्त्यानें विकण्याची युक्ति त्याच्या कंपनीनें काढली. यंत्राबरोबर शिवलेला कपडा आला; पोलकें आलें, झंपर आलें, आणि त्यांच्याबरोबर माप आलें. लुगडें अंगाप्रमाणें वागत होतें. पोलक्याप्रमाणें मात्र अंगानें वागावें अशी अपेक्षा सुरू झाली. परंतु ज्या यंत्रानें हें बंधन आणिलें त्यानेंच पोट भरण्याचें साधनही दिलें. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें, आणि तेथें शिवणकामाचे वर्ग, शिक्षिकांचें आणि परिचारिकांचें शिक्षण यांतून कितीतरी विधवा व विवाहित स्त्रिया स्वतःच्या मिळकतीवर उभ्या राहिल्या. हिंगण्यास अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमासाठीं वर्गणी गोळा करीत गांवोगांव हिंडणाऱ्या पार्वतीबाई आठवले या एका मुलाच्या आई होत्या. विधवेच्या वेषांत त्यांनीं कामास आरंभ केला, पुढें केशवपन सोडून दिलें, आणि अमेरिकेस जाऊन लोकांच्या घरीं कामें करून आश्रमासाठीं पैसा जमविला. त्यांच्या पोषाखाचा निर्णय प्रथम रूढीनें केला होता. कामानें तो त्यांच्या हातीं आणून दिला.

नऊवारीची सहावारी कशी झाली याचीं कारणें लोक फॅशनमध्यें शोधतात. आम्हांस वाटतें, त्यांत हिशेबाचाही भाग होता. एका नेसण्यामागें तीन वार कापड वांचतें. शिवाय तें लवकर धुतां येतें, लवकर वाळतें, आणि आगगाडीच्या गर्दींत सांवरण्यास सोपें जातें. दुसऱ्या महायुद्धांत कापडाची टंचाई इतकी झाली कीं, १९४३ सालीं सरकारास कापड आणि सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. इंग्लंडांत तर १९४१ च्या जूनपासून कपड्यांस कुपनें लागूं लागलीं. पहिल्या वर्षीं माणशीं ६६ कुपनें. परंतु त्या कडक व्यवस्थेंतही गरोदर बायकांस जास्त कुपनें देण्याची तरतूद होती. लढाईच्या ऐन धुमाळींत एका सरकारास जें सुचलें, तें शांततेच्या काळांत फार थोड्या मालकांस सुचतें, हें नमूद करून ठेवणें आम्हांस भाग आहे.

कायद्यानें आईसाठीं कांहींच केलें नाहीं असें मात्र नाहीं. मुंबई इलाख्यानें गिरण्या-कारखान्यांतील बायकांसाठीं बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा १९२९ सालीं केला. या देशांत तो पहिला. १९६१ सालीं सर्व देशासाठीं कायदा होऊन बारा आठवड्यांची पगारी रजा मिळाली, आणि २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन मुलांपुरती ती सव्वीस आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक माणसें असलेल्या ठिकाणीं पाळणाघराची सोय असावी असेंही त्या दुरुस्तीनें ठरविलें. रजा मिळाली, पगार मिळाला, पाळणा मिळाला. पण सत्ताविसाव्या आठवड्यांतील सोमवारीं सकाळीं कपाटापुढें उभी राहिलेली बाई काय नेसणार, हा प्रश्न तिच्या एकटीवरच राहिला.

आतां पुन्हां न्हावा शेव्याकडे वळूं. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडच्या गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेतल्या जाऊं लागल्या. योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उठले. १९८४ च्या जानेवारींत जासईच्या परिसरांत झालेल्या गोळीबारांत पांच जण बळी पडले. शेवा गांव उठवून दुसरीकडे वसविण्यांत आलें, आणि २६ मे १९८९ रोजीं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. ज्या बायकांच्या आज्या मिठागरावर टोपल्या वाहत होत्या त्यांच्यापुढें आतां कंटेनरच्या यार्डांतील, जकातीच्या दलालांकडील आणि वाहतुकीच्या कचेऱ्यांतील नोकऱ्या आल्या. खुर्चीवर बसून करावयाच्या कामास लुगड्याचा कासोटा चालेना. साडी आली, मग पंजाबी ड्रेस आला, मग विजार आणि कुडता. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून न्हावा शेव्यास येणारा सागरी सेतु आणि उरणपर्यंतची आगगाडी, हीं दोन्ही एकाच दिवशीं सुरू झालीं, आणि कामावर जाण्यायेण्याचें क्षेत्र आणखी विस्तारलें. सरकारी कचेऱ्यांत काय घालावें याविषयीं राज्य सरकारनें २०२० च्या डिसेंबरांत एक परिपत्रकही काढलें आणि जीन्स व टी-शर्ट यांस मनाई केली.

येथें एका विचित्र गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. या बंदरांतून तयार कपड्यांचे कंटेनर परदेशीं रवाना होतात. त्या कपड्यांची एखादी शिवण उलटी करून पाहावी. आंत माया बहुतकरून सांपडणार नाहीं. कारखान्यांतील ओव्हरलॉक यंत्रास शिवणीबरोबर चालणारी सुरी असते. शिवण पडते त्याच क्षणीं जास्तीचें कापड कापलें जातें. एका नगामागें वांचणारी चिंधी हजारों नगांमागें मोठी बचत होते, म्हणून मालकाच्या हिशेबांत हें बरोबरच आहे. पण त्याचा परिणाम असा कीं, बाजारचा कुडता बाळंतपणानंतर सैल करण्यास जागाच उरत नाहीं. तो ठेवून द्यावयाचा किंवा नवा घ्यावयाचा, या दोहोंवांचून तिसरा मार्ग नाहीं. ज्या कचेरींत बसून एखादी बाई कपड्यांच्या कंटेनरचे कागद तयार करिते, तिलाच स्वतःच्या अंगास बसेल असे चार कपडे परवडूं नयेत, हा काळाचा विनोद हंसण्यासारखा खचित नाहीं.

मग तिनें करावें काय? उपदेश करण्याचा आमचा अधिकार थोडा. पण इतिहासांतून जें निघतें तें सांगतों. मूल झाल्यावर अंग एका मापावर यावयास बराच काळ लागतो; म्हणून एकदम आठ-दहा कपडे घेणें हा सर्वांत महाग मार्ग आहे. आरंभीं दोन विजारी आणि चार कुडते, एकमेकांशीं जुळतील अशा साध्या रंगांचे, एवढ्यावर आठवडा निघतो. मूल अंगावर पीत असेल तर पुढून उघडणारेच कपडे घ्यावे. नाहीं तर ते चार महिन्यांत निरुपयोगी ठरतात. सुती कापड घेऊन गल्लींतल्या शिंप्याकडून शिवून घ्यावें आणि दोन्ही बाजूंस माया ठेवण्यास त्यास स्पष्ट बजावून सांगावें. अंग पुढें उतरलें तर तोच कपडा आंत घेतां येतो, भरलें तर बाहेर. ज्यांस साडी चालते त्यांनीं आईच्या आणि बहिणीच्या साड्यांकडे वळावें. साडीस माप नसल्यामुळें ती उसनी घेण्यांत कमीपणा नाहीं, पोलकीं तेवढीं दोन शिवलीं म्हणजे झालें. विटलेला सुती कपडा रंगवून आणला तर आणखी एक वर्ष देतो. बोहारणीस देण्यापूर्वीं प्रत्येक कपड्याची शिवण एकदां उलटून पाहावी.

परंतु खरी अडचण या कौशल्याची नव्हे. ती आहे घरच्या हिशेबाच्या वहींत. मुलाचें दूध, औषध, पाळणाघर, सासऱ्यांच्या गोळ्या, घराचा हप्ता, गाडीचा पास; या सर्वांनंतर कांहीं उरलें तर आईचे कपडे, अशी ती यादी असते, आणि उरत कांहीं नसतें. हा क्रम बहुधा कोणी तिच्यावर लादीत नाहीं. ती स्वतःच तो लिहिते, आणि म्हणून त्याविरुद्ध तक्रार करण्यासही कोणी उरत नाहीं. मग ती जुन्या, तंग पोलक्यांत दिवसभर अवघडून बसते, बैठकींत उभें राहून बोलावयाचें टाळते, आणि एखाद्या दिवशीं ‘आणखी सहा महिने घरींच राहिलेलें बरें’ असें म्हणूं लागते. नोकरी सुटण्याचीं कारणें मोठमोठीं सांगितलीं जातात. त्यांत एक कारण दोन उसवलेल्या शिवणींचेंही असूं शकतें, हें घरच्या मंडळींनीं ध्यानांत घेतलेलें बरें.

पूर्वीं बाळंतिणीची पेटी भरून देण्याची जबाबदारी माहेरानें आणि सासरानें ओटीच्या निमित्तानें उचललेली होती. ती रूढी धर्माच्या नांवानें चालली, तरी तिच्या पोटांत व्यवहार होता. बारशाच्या दिवशीं पाळण्यापाशीं खेळण्यांची आणि बाळाच्या कपड्यांची रास पडते. त्यांतील निम्मे कपडे बाळाच्या अंगास लागण्यापूर्वींच लहान होतात. त्या राशीऐवजीं चार जणांनीं मिळून आईस दोन कुडत्यांचें कापड आणि शिलाई दिली, तर तें आमच्या आजीच्या काळच्या खणाचेंच काम करील. आणि वहींत पहिल्या पानावर, पाळणाघराच्या शेजारीं, ‘हिचे कामाचे कपडे’ अशी एक ओळ घरच्या कर्त्या माणसानें आपल्या हातानें लिहावी. रक्कम थोडी असली तरी चालेल. ओळ मात्र पहिल्याच पानावर असावी.