आवडत्या गाण्यांची यादी पुरावा म्हणून कशी वाचायची?



मागच्या लेखात आपण संशोधन-प्रश्न कसा लिहायचा ते पाहिलं. आज पुढची पायरी, म्हणजे हाती आलेला पुरावा कसा तपासायचा. उदाहरण मात्र प्रयोगशाळेतलं नाही, गाण्यांचं घेतोय.

त्याला कारण आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर मामाची एक जुनी कॅसेट सापडली. नव्वद मिनिटांची, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. आतल्या कार्डावर निळ्या शाईत गाण्यांची यादी होती. पहिले दोन अभंग, मग एक नाट्यगीत, तीन जुनी हिंदी सिनेमागीतं, एक गझल, दोन कोळीगीतं आणि सगळ्यात शेवटी चक्क एक इंग्रजी पॉप गाणं. मी लगेच निष्कर्ष काढून मोकळा झालो की मामाची आवड फारच व्यापक होती! या निष्कर्षाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. त्याआधी एक मोठा प्रश्न घेऊ.

समजा तुमच्या पीएचडीचा विषय आहे, "१९५० नंतरच्या काळात लोकांना कोणती गाणी आवडत होती?" पुरावा कुठून आणाल?

पहिला पुरावा: हिट परेड

सगळ्यात आधी सुचते ती 'बिनाका गीतमाला'. हा कार्यक्रम डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झाला आणि अमीन सयानी यांच्या आवाजामुळे घरोघरी पोहोचला. त्याच्या वार्षिक याद्या आज सहज मिळतात. मग त्या घ्यायच्या, तक्ता करायचा आणि झालं संशोधन? थांबा जरा.

पहिला प्रश्न असा की हिंदी गाण्यांचा एवढा मोठा कार्यक्रम कोलंबोहून का व्हायचा? त्या वेळी आपले माहिती व नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, म्हणजे पुण्यातच जन्मलेले. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मानाचं स्थान मिळावं आणि सिनेमागीतांचा वाटा कमी व्हावा, असं त्यांचं धोरण होतं. "केसकरांनी सिनेमागीतांवर बंदी घातली" हे वाक्य तुम्ही शंभर ठिकाणी वाचाल. पण प्रकरण इतकं सरळ नव्हतं. गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं ही फुकटची जाहिरात आहे, म्हणून ते सांगायचं नाही असं आकाशवाणीने ठरवलं. निर्मात्यांना ते पटलं नाही आणि त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. म्हणजे गाणी थांबली त्यात दोन्ही बाजूंचा हात होता. लिटरेचर रिव्ह्यू करताना हे लक्षात ठेवा. एखादं वाक्य सगळीकडे सारखंच दिसलं, तर बऱ्याचदा सगळ्यांनी ते एकमेकांकडूनच उचललेलं असतं.

ही मोकळी झालेली जागा रेडिओ सिलोनने घेतली. त्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला दणदणीत ट्रान्समीटर होता. शॉर्टवेव्ह लहरी वातावरणाच्या वरच्या थरातल्या आयनोस्फिअरवरून परत खाली वळतात, म्हणून कोलंबोचा आवाज नागपुरातही ऐकू यायचा. गंमत म्हणजे कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा मुंबईत आणि टेप जायच्या कोलंबोला.

आता मोजमापाकडे या. सुरुवातीला गीतमाला हिट परेड नव्हतीच. सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी ती कालक्रमानुसार लावून पाठवायची, अशी ती स्पर्धा होती. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रं आली आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला ६५,००० पर्यंत गेला, असं सयानी यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. (हे आकडे आठवणीतून आलेले आहेत. वापरायचे असतील तर तसं स्पष्ट लिहा.) इतकी पत्रं तपासणं अशक्य झालं, तेव्हा लोकप्रियतेचा क्रम सांगणारा कार्यक्रम आला. तो क्रम मुख्यतः दुकानांतल्या रेकॉर्डविक्रीवरून लावायचे आणि जोडीला श्रोता संघांची मतं घ्यायचे.

म्हणजे मोजली गेली ती रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांची पसंती. रेकॉर्ड घ्यायची तर घरी ग्रामोफोन हवा. तेव्हा साधा रेडिओ ठेवायलासुद्धा लायसन लागायचं आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची. मग गावातल्या चावडीवर किंवा हॉटेलात उभं राहून गाणं ऐकणाऱ्याचं मत कुठल्या रकान्यात जाणार?

आणखी एक उदाहरण बघा. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, वर्षभरात ५६ गाणी. मराठी घरांत ते किती मनापासून ऐकलं गेलं, हे आजी-आजोबांना विचारा. पण १९५५-५६ च्या गीतमालेच्या याद्यांमध्ये ते शोधाल तर सापडणार नाही, कारण ती यादी हिंदी सिनेमागीतांचीच होती. थर्मामीटरने वजन मोजता येत नाही, तसंच हे आहे. यादीत नाव नाही म्हणजे लोकांना आवडलं नाही, असं म्हणता येत नाही.

दुसरा पुरावा: फर्माइशीची पत्रं

३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि सिनेमागीतं आकाशवाणीवर दिमाखात परत आली. फर्माइशीचे कार्यक्रम आले. मराठीत 'आपली आवड' होतं. पोस्टकार्डावर गाण्याचं नाव, खाली घरातल्या सगळ्यांची नावं आणि शेवटी गाव. मित्राने पाठवलेलं गाणं आपल्या रेडिओवर लागायचं आणि त्याच क्षणी ते अनोळखी हजारो लोकही ऐकायचे. आवडतं गाणं दुसऱ्याला ऐकवण्याची इतकी स्वस्त सोय याआधी नव्हती.

त्यातून एक गाव देशभर गाजलं, ते म्हणजे झुमरी तलैया. नाव इतक्या वेळा ऐकू यायचं की पुष्कळांना ते काल्पनिक वाटायचं. पण हे खरंखुरं गाव आहे, आजच्या झारखंडमधल्या कोडरमा जिल्ह्यातलं. अभ्रकाच्या खाणींचा हा भाग. आता सांगा, झुमरी तलैयाच्या लोकांना गाण्यांची आवड इतरांपेक्षा जास्त होती का? असेलही. पण पत्रांवरून एवढंच सिद्ध होतं की तिथले काही लोक खूप पत्रं लिहीत होते. एकाने शंभर पोस्टकार्डं टाकली, तर यादीत त्या शंभर नोंदी दिसतात. माणूस मात्र एकच असतो.

इथे मला माझीच चूक आठवते. मी प्राणिशास्त्रात एमएस्सी केलंय आणि आता पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या नोंदींवर काम करतोय. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने एक नकाशा केला. त्यात काही जाती शहरांच्या आसपास आणि हायवेच्या कडेला भरपूर दिसत होत्या. मी त्यावर पानभर स्पष्टीकरणही लिहिलं, अधिवास, खाद्य वगैरे. मॅडमनी नकाशा बघितला आणि एवढंच विचारलं, "अरे, हा नकाशा पक्ष्यांचा आहे की पक्षी बघणाऱ्यांचा?"

माणसं रविवारी, गाडी जाईल तिथे जातात. नोंदीही तिथल्याच होतात. माझं चार महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. झुमरी तलैया आणि माझे हायवेवरचे पक्षी, दोन्हींत घोळ एकच आहे. नोंद करणारे जिथे जास्त, तिथे गोष्टच जास्त आहे असं आपल्याला वाटतं. याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. पेटच्या परीक्षेसाठी व्याख्या पाठ कराच, पण आपल्या डेटात तो ओळखता येणं जास्त गरजेचं आहे.

तिसरा पुरावा: कॅसेटवरच्या याद्या

कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणली. आपल्याकडे ती खरी पसरली १९८० च्या दशकात. तोवर रेकॉर्डच्या धंद्यात एचएमव्हीची जवळजवळ मक्तेदारी होती. कॅसेट काढायला खर्च कमी, त्यामुळे लहान लहान कंपन्या उभ्या राहिल्या. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात उत्तर भारतातला हा बदल तपशिलाने मांडलाय. लोकसंगीत, भक्तिसंगीत, प्रादेशिक भाषांतली गाणी अशा कितीतरी प्रकारांना बाजारात जागा मिळाली. आपल्याकडेही भीमगीतं, कोळीगीतं, लावण्या, भक्तिगीतं कॅसेटवरून वाड्यावस्त्यांवर पोहोचली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज जत्रेतल्या कर्ण्यावर ऐकलेली पिढी आजही आहे.

आणि आपल्या विषयाला सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे रेकॉर्डिंगची दुकानं. कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी द्यायची, दोन-चार दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायचं. कायद्याने हे बसत नव्हतं, पण गावोगाव चालायचं. संशोधक म्हणून मला त्या चिठ्ठ्या सोन्यासारख्या वाटतात. त्यात कंपनीची निवड नाही, मंत्र्यांचं धोरण नाही. नवं-जुनं, देवाचं-सिनेमाचं सगळं शेजारी शेजारी. पण पुन्हा प्रश्न आलाच. चिठ्ठी कोणी लिहिली, कोणासाठी? दुकानदाराकडे मूळ रेकॉर्डिंग नसेल तर काय व्हायचं?

आजच्या प्लेलिस्टलाही हेच विचारा. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं की एक 'स्ट्रीम' मोजला जातो. ते तुम्ही आवडीने लावलंत की पुढचं गाणं आपोआप सुरू झालं आणि तुम्ही भांडी घासत होतात, हे त्या आकड्यात दिसत नाही.

ज्यांची यादीच नाही

माझी आजी २०१९ मध्ये गेली. तिने कधी फर्माइशीचं पत्र पाठवलं नाही, कारण तिला लिहिता येत नव्हतं. रेकॉर्ड किंवा कॅसेट तिने आयुष्यात विकत घेतली नाही. वर सांगितलेल्या तिन्ही पुराव्यांत ती नाही. पण तिला ओव्या येत होत्या, दळताना म्हणायच्या त्या. जातं बंद झाल्यावरही निवडण-टिपण करताना गुणगुणायची. बायका एकमेकींकडून ओव्या घ्यायच्या, आपली एक ओळ घालायच्या आणि पुढे द्यायच्या. गाणं वाटून घेण्याची ही रीत रेडिओपेक्षा कितीतरी जुनी आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज 'परी' या संकेतस्थळावर त्या वाचता येतात, अनेक ऐकताही येतात, आणि गाणाऱ्या बाईचं आणि गावाचं नाव सोबत असतं. पत्र येण्याची वाट न बघता हे लोक स्वतः बायकांकडे गेले, म्हणून हा पुरावा तयार झाला. मी मात्र खिशात रेकॉर्डर असलेला फोन घेऊन आजीसमोर बसायचो आणि तिची एकही ओवी रेकॉर्ड केली नाही. "पुढच्या सुट्टीत करू" असं दोनदा म्हटलं होतं.

आता मामाची कॅसेट

कॅसेट घेऊन मामाकडे गेलो. यादी बघून तो हसायलाच लागला. अभंग आणि नाट्यगीत आजीसाठी भरून घेतले होते, कारण कॅसेट प्लेअर घरात एकच आणि तिलाही काहीतरी हवं. कोळीगीतं मित्रांबरोबर अलिबागच्या ट्रिपसाठी. गझल चुकून आली, मागितली होती वेगळीच. आणि ते इंग्रजी गाणं?

"अरे, शेवटी टेप उरली होती. दुकानदाराने आपलं काहीतरी भरून दिलं."

म्हणजे मामाची स्वतःची आवड फक्त तीन गाण्यांत होती! पण यादी खोटी नव्हती. ती एका घराची, चार मित्रांची आणि एका दुकानदाराची मिळून झाली होती. मी ती एका माणसाची समजून वाचत होतो.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. घरातली गाण्यांची कुठलीही एक यादी शोधा. वही, कॅसेटचं कार्ड, पेनड्राइव्हवरचं फोल्डर, काहीही चालेल. तिला चार प्रश्न विचारा. यादी कोणी केली? कोणासाठी केली? यादीत येण्यासाठी गाण्याला कुठून पार व्हावं लागलं? आणि यादीत कोण येऊच शकलं नाही? उत्तरं कागदावर लिहा. तुमच्या सिनॉप्सिसमधल्या डेटालाही हेच चार प्रश्न लागू पडतात, तिथेही ते लिहूनच काढा.

आणि घरात ओव्या, पाळणे, जुनी गाणी येणारं कोणी असेल, तर फोनचा रेकॉर्डर आजच सुरू करा. त्यांना विचारून, नाव-गाव-तारीख सांगून. त्याला सिनॉप्सिस मंजूर व्हायची गरज नाही.