झाकणावरचा पुरावा

हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारा पहिला क्रोनोग्राफ कोणाचा? चालू वेळ दाखवतानाच वेगळ्या काट्याने सेकंद मोजणारे मनगटी घड्याळ जुनेच. पण त्याला आपोआप चावीची जोड १९६९ साली मिळाली, तीही तीन ठिकाणी. स्वित्झर्लंडच्या झेनिथने १० जानेवारीला ‘एल प्रिमेरो’ जाहीर केले. हॉयर, ब्राइटलिंग आणि हॅमिल्टन-ब्यूरेन यांच्या गटाने ३ मार्चला आपले यंत्र जिनिव्हा व न्यूयॉर्क येथे मांडले. जपानच्या सेकोने मात्र फारसा गाजावाजा न करता मे महिन्यात ‘६१३९’ यंत्राचे घड्याळ स्वदेशी बाजारात आणले.

हे यंत्र कोणाची नक्कल नव्हते. त्यात कॉलम व्हीलला व्हर्टिकल क्लचची जोड होती. दातेरी चाके बाजूने एकमेकांत अडकवण्याऐवजी इथे चकत्या वरून खाली दाबल्या जातात. म्हणून बटण दाबताच काटा झटका न खाता सुरू होतो.

घोषणांच्या तारखांवर विसंबले तर सेको तिसरी ठरते. पण जुन्या घड्याळांच्या संग्राहकांनी दुसरे साधन पुढे आणले: मागचे झाकण. त्यावरच्या सहा अंकी क्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा सांगतो, दुसरा महिना. १९६९च्या सुरुवातीच्या महिन्यांचे क्रमांक असलेली घड्याळे अशी उजेडात आली. अर्थात हा क्रमांक निर्मितीचा महिना सांगतो, विक्रीचा नव्हे. शिवाय ‘९’ म्हणजे १९६९ की १९७९, हा प्रश्न उरतोच. तिथे दुसरी खूण कामी येते. सुरुवातीच्या घड्याळांवर ‘वॉटर प्रूफ’ असे शब्द आहेत, नंतरच्यांवर ‘रेझिस्ट’. तबकडी आणि झाकण यांची साक्ष जुळली, तरच काळ ठरवावा.

जुन्या घड्याळाने इतिहास बदलल्याचे आणखी एक उदाहरण आहे. १६ नोव्हेंबर १९७३ रोजी निघालेल्या स्कायलॅब-४ मोहिमेत विल्यम पोग यांनी आपले खासगी, पिवळ्या तबकडीचे ६१३९ सोबत नेले. ते नासाने दिलेले नव्हते, त्यामुळे अधिकृत यादीत नव्हते. अवकाशात गेलेला पहिला स्वयंचलित क्रोनोग्राफ म्हणून त्याची ओळख कित्येक वर्षांनी पटली.

म्हणूनच आपल्या मुंबईच्या बाजारात जुन्या सेकोंच्या तबकड्या नव्याने रंगवल्या जातात, तेव्हा खंत वाटते. कारागिराचा हात सफाईदार असतो आणि चालणारे घड्याळ स्वस्तात मिळते, हे खरे. पण रंगाखाली ‘प्रूफ’ की ‘रेझिस्ट’ हे कायमचे झाकले जाते आणि पॉलिशच्या चाकावर क्रमांक झिजतो. जुने ६१३९ हाती आले, तर यंत्राला खुशाल तेलपाणी करावे. तबकडीवरचे डाग आणि झाकणावरचे ओरखडे मात्र तसेच राहू द्यावेत. जुन्या कागदावरची अक्षरे कोणी नव्या शाईने गिरवत नाही.