लोणार : विवर आणि लवणासुराची कथा

लोणार हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव तिथल्या खाऱ्या सरोवरामुळे प्रसिद्ध आहे. दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेले या सरोवराचे विवर सुमारे 1.8 किमी. व्यासाचे व काठापासून सुमारे दीडशे मीटर खोल आहे. काठ भोवतालच्या जमिनीहून जेमतेम 20 मीटर उंच असल्याने अगदी कडेवर पोहोचेपर्यंत खालच्या खोलीची कल्पना येत नाही. स्थानिक कथेनुसार लवणासुर येथे जमिनीखाली लपून लोकांना छळत असे. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेऊन त्याच्या बहिणींना भुलवले, त्यांच्याकडून त्याच्या लपण्याची जागा जाणून घेतली, पायाच्या अंगठ्याने तिच्यावरचे झाकण उडवले आणि असुराला मारले. पाणी हे त्याचे रक्त व क्षार हे त्याचे मांस मानतात. उडालेले झाकण म्हणजे दूर नैर्ऋत्येचा ढाकेफळजवळचा डोंगर. गावातले मध्ययुगीन दैत्यसूदन मंदिर याच विष्णूचे.

ही कथा म्हणजे उल्कापाताची प्राचीन आठवण, असे हौसेने सांगितले जाते. ते पटण्याजोगे नाही. विवराचे वय एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षे भरते, तर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-मापनानुसार सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे. यांतला लहान आकडा धरला तरी इतक्या पिढ्या एखादी आठवण टिकली असे मानायला आधार लागतो, आणि तो कथेत नाही. तीत आकाशातून काहीच पडत नाही. उलट जमिनीतून वर उडते. यावर कोणी म्हणेल, झाकण उडणे म्हणजेच आघाताने उधळलेला खडक. पण तसा मलबा विवराच्या काठाभोवती पसरलेला आहे. ढाकेफळ त्याच्या आवाक्यापलीकडे आहे. मग कथा कशाची नोंद करते? डोळ्यांना दिसते त्याची: तोंड उघडे पडल्यासारखा गोल खड्डा, तळाला पिण्यास निरुपयोगी पाणी, आणि कोरड्या दिवसांत किनाऱ्यावर उमटणारे क्षाराचे थर. या क्षारांचे डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की असे प्रकार लोक वेगळे ओळखत. साबण व काच करण्यासाठी त्यांचा उपयोग होई आणि ऐन-इ-अकबरीतही त्याचा उल्लेख आहे. ज्यांनी हे क्षार गोळा केले, त्यांना त्यांच्या उगमाचे कारण हवे होते.

अशी कथा इतरत्रही आढळते. जर्मनीत हार्ट्‌झ पर्वताच्या पायथ्याला टॉयफेल्समाउअर, म्हणजे सैतानाची भिंत, नावाची वालुकाश्माची उभी रांग आहे. सैतानाला कोंबडा आरवण्यापूर्वी भिंत पुरी करायची होती, कोंबडा आधीच आरवला आणि त्याने रागाने ती फोडली, अशी तिची कथा. तिथेही कथा भिंतीतल्या खिंडारांचा उलगडा करते. भूस्तर कसे कलले याविषयी ती गप्प आहे. त्याच देशातल्या नॉर्डलिंगेन शहराभोवतीचे रीस विवर ज्वालामुखीजन्य समजले जाई. 1960 मध्ये तिथे कोएसाइट हे आघाताने बनणारे खनिज सापडले, तेव्हा वाद मिटला. लोणारचा निकालही खनिजानेच लावला. 1823 मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची दखल घेतल्यानंतर तिला दीर्घकाळ ज्वालामुखीचे तोंड म्हटले गेले. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तळातल्या छिद्रणातून मिळालेल्या खडकांत आघाताच्या खुणा व मॅस्केलिनाइट ही काच आढळली. लोणारच्या मोठ्या मारुतीची मूर्ती उल्केच्या चुंबकीय दगडाची आहे, हा सांगितला जाणारा पुरावा मात्र लंगडा आहे: बेसॉल्टमध्येच मॅग्नेटाइट असते, तेव्हा मूर्तीजवळ होकायंत्राची सुई ढळण्यासाठी उल्का लागत नाही.

कथा उल्कापाताची आठवण नसली तरी भेट देणाऱ्याने ती बाजूला सारू नये. ती कुठे पाहायचे ते सांगते. वर गोमुखाजवळ बारमाही गोड्या पाण्याची धार आणि खाली कमळजा देवीच्या मंदिरापाशी अल्कधर्मी सरोवर, एवढ्या कमी अंतरात हा फरक भूविज्ञान न शिकलेल्यालाही विचारात पाडतो. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा रक्ताची आठवण काहींना झाली असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात क्षारप्रिय सूक्ष्मजीव आढळले. त्याच वर्षी सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. विवर अभयारण्यात मोडते. तेव्हा आठवण म्हणून इथला खडा उचलून नेऊ नये.