अंजदीव : न उतरता येणारे बेट

हल्ली मांडवीवर तासाच्या भाड्याने यॉट मिळते. मुंबई-पुण्याकडचे पाहुणे आले की एक हौस ठरलेली, होडी करून एखाद्या निर्मनुष्य बेटावर न्या. गेल्या खेपेस अशाच एका पाहुण्याने नकाशावर बोट ठेवून विचारले, "हे गोव्याचेच ना? मग इथे का नाही जात?" बोट होते अंजदीववर. मी म्हटले, जाता येते, उतरता येत नाही. त्याला ते कोडे वाटले. आपल्यापैकी किती जणांना त्याचे उत्तर माहीत आहे, हाही प्रश्नच आहे. आम्हा पेडणे-डिचोलीकडच्या माणसांना तर अंजदीव म्हणजे गोव्याच्या नकाशातला, दूर दक्षिणेला कारवारपुढे गळून पडलेला एक ठिपका.

कारवारहून अंकोल्याकडे जाताना बिणगेच्या बाजूला समुद्रात ही टेकडी दिसते. क्षेत्रफळ जेमतेम दीड चौरस किलोमीटर. पण त्यावर गोडे पाणी होते, आणि शिडाच्या जहाजांच्या काळात गोडे पाणी म्हणजे सोन्याची खाण. १४९८ साली परतीच्या वाटेवर वास्को द गामा इथे थांबला तो पाणी भरायला आणि जहाजांचे तळ साफ करायला. तिथेच त्याला एक विलक्षण माणूस भेटला. गोव्याच्या मुसलमान अधिपतीच्या चाकरीत असलेला, युरोपी भाषा बोलणारा एक यहुदी. गामाला तो हेर वाटला. मारझोड करून त्याला बोलते केले आणि सोबत पोर्तुगालला नेले. बाप्तिस्म्यानंतर त्याचे नाव गास्पार द गामा झाले. आल्फोन्स आल्बुकेर्क गोव्यात यायच्या सुमारे अकरा वर्षे आधी गोव्याची खबर लिस्बनला पोचली, ती या बेटावरून.

१५०५ साली पहिला व्हाइसरॉय फ्रांसिस्कु द आल्मेदा याने इथे किल्ला बांधायला घेतला. पण विजापूरकरांचा उपद्रव झाला, आणि थोड्याच अवधीत पोर्तुगिजांनी तो स्वतःच पाडून टाकला. नंतर बरीच वर्षे बेटाकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते.

मग आले इंग्रज. मुंबई बेट पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले, हे आपण शाळेत शिकतो. पण ते ताब्यात घ्यायला आलेल्या सैन्याचे काय झाले, हे मात्र कोणी शिकवत नाही. १६६२ साली सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे शिपाई घेऊन आला. पोर्तुगीज व्हाइसरॉयने कागदपत्रांतल्या खोडी काढून मुंबई द्यायचे नाकारले. सुरतेत उतरायची सोय नव्हती, कारण मोगलांची मर्जी जाण्याची भीती. शेवटी हे लोक अंजदीववर येऊन पडले. वर पाऊस, खाली दलदल, ताप, अन्नाची आबाळ. एकामागून एक माणसे मेली. १६६४ साली शिपमनही तिथेच वारला. १६६५ साली त्याचा चिटणीस हंफ्री कूक मुंबईचा ताबा घ्यायला निघाला तेव्हा शंभराच्या आसपास माणसे उरली होती. जाहिरातींतल्या हिरव्या बेटांची चित्रे पाहिली की मला हे आठवते.

आमच्या मुलखाचा या बेटाशी संबंध येतो तो १६८२ साली. डिचोली तेव्हा मराठ्यांचे ठाणे होते. संभाजी महाराजांनी अंजदीव बेट तटबंदी करून आपल्या आरमाराचा तळ करायचे ठरवले. सिद्दी आणि मोगल दोघांशीही झुंज चालू होती, तेव्हा कारवारच्या तोंडावरच्या अशा जागेचे मोल सांगायला नको. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याला ते कळताच त्याने आधीच माणसे पाठवून बेट व्यापले आणि किल्ला उभारला. आजही जे तट-बुरूज शिल्लक आहेत ते त्याच वेळचे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यातले कागद उजेडात आणले म्हणून मराठे आणि पोर्तुगीज यांच्यातले हे सगळे राजकारण आपल्याला समजते. पुढच्याच वर्षी फोंड्याचा वेढा आणि जुवे बेटाचा प्रसंग घडला, त्यामागे जी कारणे होती त्यांत अंजदीवची सल एक होती, असे मला वाटते. जुवे सगळ्यांना ठाऊक असते. अंजदीव कोणाच्या तोंडी नसते.

बेटाला नाव कशावरून पडले याबद्दल एक समजूत आहे. इथे आर्यादुर्गेचे स्थान होते आणि पुढे देवी अंकोल्याला गेली असे भाविक मानतात. बेटावर पोर्तुगिजांनी नोसा सेन्योरा द ब्रोतासचे चर्च बांधले. त्याचे फेस्त २ फेब्रुवारीला. त्या दिवशी आणि ४ ऑक्टोबरला, सांत फ्रांसिस्कुच्या फेस्ताला, लोक होड्यांनी बेटावर जात.

मुक्तीच्या लढ्यात आम्हा उत्तरेकडच्यांना पत्रादेवीचा १९५५चा सत्याग्रह आठवतो, दोडामार्गाकडून आलेले सैन्य आठवते. समुद्राकडची बाजू सहसा आठवत नाही. नोव्हेंबर १९६१मध्ये अंजदीववरून 'साबरमती' या आगबोटीवर गोळीबार झाला आणि दिल्लीत चक्रे फिरली. १८ डिसेंबरला 'त्रिशूल' आणि 'म्हैसूर' या युद्धनौकांच्या तोफांच्या आडोशाने नौसैनिक बेटावर उतरले. ७ जण कामी आले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बेट हाती आले. वास्कोच्या आयएनएस गोमंतक तळावर त्यांचे स्मारक आहे.

पुढे 'सीबर्ड' प्रकल्पात बेट नौदलाकडे गेले. २००५ साली कारवारला आयएनएस कदंब तळ सुरू झाला आणि लाटा अडवणाऱ्या दगडी बांधाने बेट किनाऱ्याला जोडले गेले. तेव्हा खरे म्हणजे ते आता पूर्वीसारखे बेटही राहिलेले नाही. सुरक्षेच्या कारणाने फेस्ताच्या होड्याही बंद झाल्या. देवी आधीच गेली होती, मग सायबिणीकडे जाणारी वाटही बुजली. कारभाराच्या कागदांत मात्र ही जमीन अजून गोव्याचीच.

हे सगळे ऐकून झाल्यावर पाहुण्याने नकाशाची घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही नार्व्याला सप्तकोटेश्वराला गेलो, रायबंदरहून दिवाडी ओलांडून, दोन फेरीबोटी करून.