सॅलरी कॅप : वर छप्पर आहे, पण खाली जोतं कुठंय?

नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा बल्लारशाहच्या पुढं गाडी गेली की ज्यांचं नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द तसेच ठेवलेत, सांभाळून घ्या.

या वेळचा विषय माझ्या मावसभावानं दिला. तो गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. मी पुण्यात कोड लिहितो, तो तिकडं पोरांना फुटबॉल आणि कबड्डी शिकवतो. दिवाळीत चंद्रपूरला घरी भेटलो. टीव्हीवर जुनी मॅच चालू होती, मी मुंबई सिटीचा फॅन, त्यामुळे माझं प्रवचन सुरू झालं : "अरे, आयएसएलमध्ये सॅलरी कॅप असते. सगळ्या टीमना पगारावर सारखीच मर्यादा. म्हणून लढत बरोबरीची होते."

तो शांतपणे म्हणाला, "दादा, वरून मर्यादा हाये, हे समजलं. पण खालून काय हाये? मालकानं खर्चच नाही केला तं?"

मी गप्प. इंजिनिअर माणूस गप्प बसला की समजायचं, बग सापडलाय. मग दोन आठवडे वाचत बसलो. त्यातून निघालेली ही गोष्ट.

आधी इंग्लंड

फुटबॉलमध्ये पगाराला लगाम घालायची कल्पना आजची नाही. १९०१ साली इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये नियम लागू झाला : कुठल्याही खेळाडूला आठवड्याला ४ पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायचा नाही. लक्षात घ्या, ही मर्यादा टीमवर नव्हती, माणसावर होती. तुम्ही कितीही गोल मारा, स्टेडियम तुमच्या नावानं भरू दे, पगार तेवढाच.

कारण काय सांगितलं? श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू पळवतील, गरीब क्लब मरतील. ऐकायला योग्य वाटतं. पण तिकिटाचे पैसे तर येतच होते. खेळाडूला न दिलेला पैसा हवेत विरत नाही, तो कुणाच्या तरी खिशात राहतो.

आणि जिथं मर्यादा, तिथं पळवाट. पहिल्या महायुद्धात खेळाडूंना पगार देणंच बंद होतं, फक्त खर्चापुरते पैसे. लीड्स सिटी नावाच्या क्लबवर आरोप झाला की पाहुण्या खेळाडूंना त्यांनी गुपचूप पैसे दिले. चौकशीत हिशेबाच्या वह्या मागितल्या, क्लबनं दिल्या नाहीत. १९१९ मध्ये लीगनं क्लबलाच हाकललं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये लीड्सच्या मेट्रोपोल हॉटेलात त्यांच्या खेळाडूंचा लिलाव झाला. आयपीएलच्या ८९ वर्षं आधी! आपल्याला वाटतं, खेळाडूंचा लिलाव आपण शोधला.

ही मर्यादा वाढत वाढत २० पौंडांपर्यंत आली. शेवटी खेळाडूंच्या संघटनेनं, जिमी हिल यांच्या पुढाकारानं, संपाची धमकी दिली आणि जानेवारी १९६१ मध्ये मर्यादा उठली. लगेच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळाले. एका सहीत पाचपट. म्हणजे साठ वर्षं ही टोपी डोक्यावर ठेवली होती की खेळाडूंना टोपी घातली होती, तुम्हीच ठरवा.

मग अमेरिका : छपरासोबत जोतं

अमेरिकेतल्या एनएफएलनं, म्हणजे त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलनं, १९९४ मध्ये वेगळा रस्ता घेतला. मर्यादा माणसावर नाही, आख्ख्या टीमवर. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. आकडा लीगच्या कमाईला जोडलेला. कमाई वाढली की मर्यादा वाढते. २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाख डॉलर झाली.

पण माझ्या मावसभावाचा प्रश्न तिथल्या खेळाडूंनाही पडलेला होताच. मालक म्हणेल, मर्यादा शंभर आहे, मी साठच खर्च करतो, बाकी टीव्हीचा पैसा माझा. २०११ च्या करारात यावर नियम आला : चार वर्षांच्या टप्प्यात प्रत्येक टीमनं मर्यादेच्या किमान ८९ टक्के रक्कम खेळाडूंना रोख द्यायचीच. "रोख" हा शब्द महत्त्वाचा आहे. कागदावर पाच वर्षांचा मोठा करार दाखवायचा आणि हातात काहीच द्यायचं नाही, हे चालणार नाही.

घराचं उदाहरण घ्या. छप्पर किती उंच न्यायचं यावर ग्रामपंचायत बंधन घालू शकते. पण जोतं नसेल तर पहिल्याच पावसात पाणी आत. एनएफएलनं छप्पर आणि जोतं दोन्ही बांधलं.

आपल्याकडे : सचिन, धोनी आणि हिशेब

आता आपल्या ओळखीचं मैदान. २० फेब्रुवारी २००८, मुंबई, आयपीएलचा पहिला लिलाव. प्रत्येक टीमच्या पर्समध्ये ५० लाख डॉलर. आणि ऐका, खाली जोतंही होतं : किमान ३३ लाख डॉलर खर्च करणं बंधनकारक.

त्यात एक मजेदार नियम होता. काही टीमना "आयकॉन" खेळाडू मिळाला होता, मुंबईला अर्थातच सचिन. आयकॉनला टीममधल्या सगळ्यात महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त द्यायचे. धोनीचं नाव आलं. चेन्नई आणि मुंबई भिडले. आता गणित करा. मुंबईनं धोनीला १५ लाखांना घेतलं असतं तर सचिनला १७ लाख २५ हजार द्यावे लागले असते. दोघांत मिळून ३२ लाख २५ हजार गेले. उरले १७ लाख ७५ हजार, त्यात बाकीची आख्खी टीम! चेन्नईकडे आयकॉनच नव्हता, त्यामुळे ही कटकट नव्हती. धोनी १५ लाखांना चेन्नईला गेला आणि पुढचा इतिहास तुम्हाला पाठ आहे. सांगायचा मुद्दा हा : सारखी मर्यादा म्हणजे सारखी संधी नव्हे. बारीक अक्षरातला एक नियम सगळं फिरवतो.

याच लिलावात राजस्थाननं उलटं केलं. इतका कमी खर्च केला की किमान मर्यादाही गाठली नाही, दंड बसला. लोकांनी चिक्कू म्हणून हिणवलं. आणि १ जून २००८ ला नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, शेवटच्या चेंडूवर चषक कुणी उचलला? राजस्थान! शेन वॉर्नच्या टीमनं.

मग काय, कमी खर्च केला तरी चालतं? इथं घाई करू नका. एक उदाहरण म्हणजे नियम नव्हे. राजस्थाननं वाचवलेल्या पैशामुळे कप आला नाही, निवडलेल्या माणसांमुळे आला.

मुंबई सिटी आणि पुणे सिटी

आता मूळ मुद्दा, आपल्या राज्याच्या दोन फुटबॉल टीम. ऑक्टोबर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, आठ टीम. त्यात मुंबई सिटी आणि एफसी पुणे सिटी. सुरुवातीला प्रत्येकाकडे एक "मार्की" खेळाडू. पुण्याकडे फ्रान्सचा डेव्हिड ट्रेझेगे, मुंबईकडे स्वीडनचा फ्रेडरिक ल्युंगबर्ग.

मार्की म्हणजे काय हे आपल्या झाडीपट्टीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वडसाची नाटक कंपनी पोस्टरवर मुंबईची सिरियलमधली हिरोईन छापते, बरोबर? मंडईत गर्दी तिच्या नावावर होते. पण रात्रभर नाटक ओढतात ते आपले रोजचे नट, पेटीवाला आणि तबलजी. फुटबॉलमध्येही तेच.

पुढं मार्कीचा जोर ओसरला आणि सॅलरी कॅपची चर्चा वाढली. २०१९-२० आणि २०२०-२१ च्या सीझनमध्ये ही मर्यादा साडेसोळा कोटी रुपये होती. २०२०-२१ ला सगळे सामने गोव्यात, कोविडच्या बायो-बबलमध्ये. मुंबई सिटीनं त्या वर्षी लीग शिल्डही जिंकली आणि १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात एटीके मोहन बागानला २-१ नं हरवून ट्रॉफीही. ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल, माझे शेजारी अजून सांगतात की मी किती ओरडलो. त्याच सीझनमध्ये ओडिशा एफसी तळाला, २० सामन्यांत फक्त २ विजय. मर्यादा दोघांना तीच.

मग फरक कुठं पडला? कॅप फक्त खेळाडूंच्या पगाराला लागते. कोच कोण, खेळाडू शोधणारी माणसं किती, सरावाचं मैदान कसं, फिजिओ चांगला आहे का, यावर ती नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक गटानं, सिटी फुटबॉल ग्रुपनं, मुंबईचे ६५ टक्के शेअर घेतले. गोव्याचा कोच सर्जिओ लोबेरा मुंबईत आला, पाठोपाठ मोर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमू आणि आपला मंदार राव देसाई. म्हणजे तयार, एकमेकांना ओळखणारं इंजिनच उचलून आणलं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर सगळ्यांना सारखाच, पण कोड ज्याचा त्याचा.

आता पुण्याचं ऐका. २०१७-१८ मध्ये ही टीम सेमीफायनलला गेली, मार्सेलिनो आणि अल्फारो जोरात होते. बालेवाडीत ऑरेंज आर्मी नावाचा फॅन ग्रुप गळा फाडून ओरडायचा. पुढच्याच वर्षी सातवा नंबर, मालकांच्या आर्थिक अडचणी, थकलेल्या पगारांच्या बातम्या. ऑगस्ट २०१९ मध्ये पुण्याची जागा हैदराबाद एफसीला गेली. टीम बंद. जर्सी कपाटात राहिली.

हैदराबादचंही पाहा. पहिल्या वर्षी तळाला, २०२२ च्या मार्चमध्ये चॅम्पियन, आणि २०२३-२४ मध्ये परत तळाला, कारण पगार थकले आणि खेळाडू एकेक करून निघून गेले. सॅलरी कॅप या सगळ्या काळात होतीच की! पण कॅप सांगते की याच्यापेक्षा जास्त देऊ नका. ठरलेला पगार एक तारखेला द्याच, हे कॅप सांगत नाही.

आणि मुंबई? २०२४ च्या मे महिन्यात कोलकात्यात मोहन बागानला ३-१ नं हरवून परत ट्रॉफी. पण २०२५ च्या अखेरीस लीगचं पुढं काय होणार हेच धड ठरेना, तेव्हा सिटी ग्रुपनंही आपला हिस्सा सोडला. म्हणजे बाहेरून आलेला पैसासुद्धा शेवटी घराचं जोतं बघतो.

तर मग, टीम पुरेसा खर्च करते का?

माझं उत्तर असं. "मर्यादेच्या किती टक्के वापरले" हा प्रश्न अर्धाच आहे. साडेसोळापैकी सोळा कोटी चार नावांवर उधळले आणि विशीतल्या पोराला तुटपुंजं दिलं, तरी कागदावर टीम "पुरेसा खर्च" करते. तीन प्रश्न विचारायला हवेत : सगळ्यात कमी पगार किती? तो वेळेवर मिळतो का? आणि कॅपच्या बाहेरचा पैसा, म्हणजे मैदान, कोच, अकॅडमी, यावर किती जातो?

आपल्याकडे जोतं बांधायचा एक प्रयत्न महिला फुटबॉलमध्ये झालाय. २०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं ठरवलं की इंडियन वुमेन्स लीगच्या क्लबनी किमान दहा भारतीय खेळाडूंशी करार करायचा आणि वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपये द्यायचे. आकडा फार मोठा नाही. पण ही खालून लावलेली रेघ आहे.

मावसभावाला फोन करून हे सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "दादा, माझ्याकडं आठवीतली एक पोरगी हाये, एटापल्लीकडची. डाव्या पायानं असा बॉल मारते की गोलकीपर पाहतच राह्यते. तिचा बाप मले विचारते, सर, यात पोट भरंन का? आता मी त्याले साडेसोळा कोटी सांगू का?"

मी म्हणालो, "नको. ३ लाख २० हजार सांग."

थोडा वेळ लाइनवर नुसती खरखर. मग तो म्हणाला, "हं. हे सांगता येते."

या एपिसोडचं सार हेच समजा, मंडळी. वरचा आकडा बातमीत येतो. खालचा आकडा घरात येतो. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की आमच्या टीमनं कॅप पूर्ण वापरली, तर अभिनंदन करा आणि मग हळूच विचारा, खालून काय हाये?

पुढच्या भागात झाडीपट्टी रंगभूमीचं अर्थकारण : एका रात्रीच्या नाटकाचा पैसा कुठून येतो आणि कुणाकडे जातो. ऐका, आणि नेटवर्क नसेल तर वाचा. भेटू!